अमेरिकन नाताळाचे दोन वंश : धार्मिक सण आणि ऐहिक उत्सव

राज्यसंस्था आणि धर्मसंस्था यांच्यामध्ये भिंत असली पाहिजे, असा निर्वाळा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४७ साली एव्हरसन खटल्यात दिला. त्याच देशात ख्रिस्तजन्माच्या दिवशी सर्व सरकारी कचेऱ्या कायद्याने बंद असतात. या विसंगतीचा उलगडा सामान्यतः दोन प्रकारे केला जातो. एक पक्ष म्हणतो की, नाताळ हा मूळचा निखळ धार्मिक सण असून बाजाराने आणि धर्मविषयक अनास्थेने तो बिघडविला. तेव्हा त्याचे मूळ रूप त्यास परत मिळवून दिले पाहिजे. दुसरा पक्ष म्हणतो की, या सणातील धर्माचा अंश कालौघात विरून गेला आहे. आता तो सर्व नागरिकांचा समाईक उत्सव झाला असल्यामुळे ख्रिस्तेतरांनी त्याबद्दल तक्रार करण्याचे कारण उरलेले नाही. हे दोन्ही पक्ष एकमेकांचे विरोधक असले, तरी इतिहासाविषयीची त्यांची समजूत एकच आहे. आधी धर्म होता, मागाहून ऐहिकता आली, हा क्रम दोघांनीही गृहीत धरलेला आहे. हा क्रम कितपत खरा आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. प्रश्न केवळ पुराणवस्तुसंशोधकाच्या कुतूहलाचा नाही. अमेरिकेतील अल्पसंख्याकांचे काही हक्क आज या उत्तरावर अवलंबून आहेत, हे लेखाच्या अखेरीस स्पष्ट होईल.

प्रथम शब्दांचा विचार करू. मराठीतील ‘नाताळ’ हा शब्द पोर्तुगीज भाषेतून आला असून ‘जन्म’ हा त्याचा मूलार्थ आहे. इंग्रजीतील ‘ख्रिसमस’ या शब्दात ख्रिस्त आणि मिस्सा हे दोन्ही घटक उघड दिसतात. या नावातील धर्म टाळण्यासाठी अमेरिकन व्यवहारात अलीकडे ‘हॉलिडे’ हा शब्द योजला जातो. परंतु तो शब्दही व्युत्पत्तीने ‘पवित्र दिवस’ याच अर्थाचा आहे. नाव बदलून सणाचे स्वरूप बदलत नाही, एवढे यावरून दिसते.

१. बंदीचा काळ

ख्रिस्तजन्माची तिथी शुभवर्तमानांत दिलेली नाही. २५ डिसेंबर ही तिथी रोममध्ये पाळली जात असल्याचा सर्वांत जुना लेखी पुरावा इ. स. ३५४ च्या एका रोमन पंचांगात सापडतो, आणि त्याच पंचांगात ‘अजिंक्य’ देवतेचा, म्हणजे सूर्याचा, जन्मदिवसही त्याच तारखेस नोंदलेला आहे. एका तिथीने दुसरीस जन्म दिला की दोन्ही स्वतंत्रपणे रूढ झाल्या, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की, सोळाव्या आणि सतराव्या शतकांतील कट्टर प्रॉटेस्टंटांनी या सणावर जो आक्षेप घेतला तो नेमका याच मुद्यावर होता. ज्या सणास बायबलात आधार नाही तो ख्रिस्ती सणच नव्हे, असे प्युरिटन पंथाचे मत होते. इंग्लंडच्या पार्लमेंटने १६४७ साली वटहुकूम काढून नाताळ, ईस्टर इत्यादी सण रद्द केले. त्याच वर्षीच्या नाताळात कँटरबरी येथे या बंदीविरुद्ध दंगल उसळली. १६६० साली राजसत्ता परत आली आणि तिच्याबरोबर सणही परत आला.

अमेरिकेतील वसाहतींत हा वाद त्याआधीच सुरू झाला होता. प्लिमथ येथील वसाहतीचा गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्ड याने १६२१ सालच्या नाताळाची एक हकीकत नोंदवून ठेवली आहे. नेहमीप्रमाणे त्याने लोकांस कामावर बोलाविले. नुकत्याच आलेल्या मंडळींपैकी बहुतेकांनी, या दिवशी काम करणे आमच्या सदसद्विवेकबुद्धीस पटत नाही, असे सांगितले. ब्रॅडफर्डने त्यांस सूट दिली. दुपारी तो कामावरून परतला तेव्हा हीच मंडळी रस्त्यात उघडपणे खेळत असलेली त्यास आढळली. त्याने त्यांची खेळण्याची साधने काढून घेतली. इतरांनी काम करावे आणि तुम्ही खेळावे हे माझ्या सदसद्विवेकबुद्धीस पटत नाही, असे त्यांस सुनावले. आणि हा दिवस भक्तीसाठी पाळावयाचा असेल तर घरात बसून पाळावा, रस्त्यात धिंगाणा चालणार नाही, अशी तंबी दिली.

ही हकीकत विनोदी म्हणून वारंवार सांगितली जाते. वस्तुतः पुढील चारशे वर्षांच्या वादाची सर्व सूत्रे तीत आहेत. सणाच्या नावाखाली भक्ती आणि करमणूक या दोन भिन्न गोष्टी एकत्र नांदतात. सत्ताधारी भक्तीस सवलत देण्यास तयार असतो. परंतु खरी भक्ती कोणती आणि करमणूक कोणती हे ठरविण्याचा अधिकार तो स्वतःकडे ठेवतो. येथे खुद्द सत्ताधारीच निष्ठावंत ख्रिस्ती होता आणि सणाचा विरोधकही तोच होता, ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

१६५९ साली मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाने कायदाच केला. काम बंद ठेवून, मेजवानी करून अथवा अन्य रीतीने जो कोणी नाताळ पाळील त्यास पाच शिलिंग दंड करावा, असे त्यात फर्माविले होते. इंग्लंडच्या राजसत्तेचा दबाव वाढल्यावर १६८१ साली हा कायदा रद्द झाला. पण कायदा गेला तरी मत गेले नाही. बोस्टनचा धर्मोपदेशक इन्क्रीज मॅदर याने १६८७ साली पुस्तिका लिहून, हा सण रोमन लोकांच्या मूर्तिपूजक उत्सवावरून घेतलेला आहे, असे प्रतिपादन केले. वसाहतींच्या काळात व्हर्जिनियातील अँग्लिकन, न्यूयॉर्कमधील डच आणि पुढे अठराव्या शतकात पेन्सिल्व्हेनियातील मोरेव्हियन नाताळ पाळत होते, तर त्यांचे शेजारी क्वेकर आणि प्रेस्बिटेरियन तो पाळत नव्हते. म्हणजे अमेरिकेत नाताळावरील पहिला मतभेद ख्रिस्ती आणि ख्रिस्तेतर यांच्यामधील नसून तो ख्रिस्ती लोकांच्या आपापसांतील होता.

२. रस्त्यावरून घरात

प्युरिटनांचा विरोध निव्वळ शास्त्राधारावर नव्हता. कापणी आटोपलेली, जनावरे मारून मांस साठविलेले आणि नवी बिअर तयार झालेली, असा डिसेंबर महिना उत्तर युरोपातील शेतकऱ्यांच्या चैनीचा असे. गोरगरिबांनी धनिकांच्या दारी जाऊन गाणी म्हणावी, खाणेपिणे मागावे, न मिळाल्यास दमदाटी करावी, आणि धनिकांनी ती तेवढ्यापुरती सोसावी, अशी रूढी होती. स्टीफन निसेनबॉम या अमेरिकन इतिहासकाराने १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या रूढीकडे लक्ष वेधून असे दाखविले आहे की, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शहरी धनिकवर्गास ती असह्य झाली. न्यूयॉर्कची लोकसंख्या १८०० साली सुमारे ६० हजार होती. १८३० साली ती सुमारे २ लाखांवर गेली. खेड्यात दारी येणारा गरीब ओळखीचा असे. शहरात तो परका आणि म्हणून भीतिदायक झाला.

या परिस्थितीत न्यूयॉर्कमधील प्रतिष्ठित मंडळींच्या एका छोट्या वर्तुळात नव्या नाताळाची घडण झाली. वॉशिंग्टन आयर्व्हिंगने १८०९ साली लिहिलेल्या न्यूयॉर्कच्या विनोदी इतिहासात डच वसाहतवाल्यांचा संत निकोलस अवतरला. पुढील वर्षी जॉन पिंटार्ड याच्या पुढाकाराने न्यूयॉर्कच्या इतिहास मंडळाने ६ डिसेंबरला या संताच्या नावे मेजवानी दिली. २३ डिसेंबर १८२३ रोजी ट्रॉय येथील एका वृत्तपत्रात संत निकोलसाच्या आगमनाविषयीची एक निनावी कविता छापून आली. ती क्लेमंट क्लार्क मूर याची समजली जाते, जरी तिच्या कर्तृत्वाबद्दल वाद आहे. मूर हा धर्मशास्त्राच्या विद्यालयात हिब्रू व अन्य पौर्वात्य भाषांचा अध्यापक होता. तरीही या कवितेत ख्रिस्तजन्माचा उल्लेख नाही. तीत आहे ते घर, निजलेली मुले आणि रात्री गुपचूप भेटी ठेवून जाणारा प्रेमळ पाहुणा. दारावर येऊन मागणाऱ्या गरिबाची जागा धुराड्यातून येऊन देणाऱ्या संताने घेतली, आणि देण्याघेण्याचे नाते श्रीमंत व गरीब यांच्यामधून निघून आईबाप व मुले यांच्यामध्ये गेले.

यापुढील टप्पे परिचित आहेत. डिकन्सची नाताळावरील सुप्रसिद्ध कथा १८४३ साली आली. राणी व्हिक्टोरिया आणि तिचे कुटुंब नाताळवृक्षाभोवती उभे असल्याचे लंडनमधील चित्र १८५० साली एका अमेरिकन स्त्रीमासिकाने छापले. मात्र राणीचा मुकुट आणि तिच्या पतीच्या मिशा पुसून टाकून ते एका साध्या अमेरिकन कुटुंबाचे चित्र केले. थॉमस नॅस्ट या व्यंगचित्रकाराने १८६३ पासून सांताक्लॉजचे रूप निश्चित केले. या सर्व काळात अनेक प्रेस्बिटेरियन व बॅप्टिस्ट प्रार्थनामंदिरे २५ डिसेंबर हा पवित्र दिवस मानीत नव्हती. त्यांच्या रविवारच्या शाळांत नाताळवृक्ष आणि भेटवस्तू सर्रास आल्या त्या प्रामुख्याने यादवी युद्धानंतर. या पंथांपुरते पाहिले तर ऐहिक नाताळ आधी घरात शिरला आणि मग घरातून प्रार्थनामंदिरात गेला, असेच म्हणावे लागते. बाजार आणि धर्म यांचे नातेही एकतर्फी नव्हते. फिलाडेल्फियातील वॅनामेकर यांच्या प्रचंड दुकानात १९११ साली बसविलेल्या भव्य ऑर्गनच्या साथीने गिऱ्हाइके नाताळातील भक्तिगीते गात असत. येथे बाजाराने धर्म हाकलून लावला असे म्हणता येत नाही. त्याने तो आपल्या छपराखाली आणला.

हा नवा घरगुती सण सर्वांचा होता काय? दक्षिणेतील मळ्यांवर गुलामांना नाताळापासून नववर्षापर्यंत सुट्टी मिळत असे. स्वतः गुलामीतून निसटलेल्या फ्रेडरिक डग्लसने १८४५ साली प्रसिद्ध केलेल्या आत्मकथनात या सुट्टीची चिकित्सा केली आहे. त्याच्या मते बंडाची वाफ निघून जावी यासाठी मालकांनी योजलेली ती एक झडप होती; मालक गुलामांना मुद्दाम दारू पाजीत, जेणेकरून स्वातंत्र्याचाच त्यांना वीट यावा. सण सर्वांना दिला म्हणजे तो सर्वांचा होतो असे नाही, ही गोष्ट डग्लसइतक्या स्पष्टपणे क्वचितच कोणी मांडली असेल.

३. राज्य, शाळा आणि नवागत

मॅसॅच्युसेट्स राज्याने १८५६ साली नाताळास सुट्टीचा दर्जा दिला. ज्या विधिमंडळाने एकेकाळी दंड ठरविला होता त्याचेच हे वारस. संघराज्याचा कायदा २८ जून १८७० रोजी झाला. राजधानीच्या जिल्ह्यातील सरकारी नोकरांपुरताच तो मर्यादित होता. १८८५ साली तो अन्यत्र लागू करण्यात आला. नववर्षदिन, स्वातंत्र्यदिन आणि आभारप्रदर्शनाचा दिवस यांच्या ओळीत, लोक ज्यास सामान्यतः नाताळ म्हणतात तो २५ डिसेंबर, अशा कोरड्या शब्दांत या कायद्याने त्याचा निर्देश केला आहे.

कायद्याची भाषा कोरडी असली तरी सार्वजनिक शाळांतील नाताळ कोरडा नव्हता. पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू निर्वासितांची मुले न्यूयॉर्कच्या शाळांत हजारोंनी दाखल झाली होती. तेथे नाताळाच्या कार्यक्रमांत ख्रिस्ताची स्तोत्रे म्हटली जात. ब्रुकलिनमधील एका मुख्याध्यापकाने ज्यू मुलांना ख्रिस्ताचा आदर्श ठेवण्याचा उपदेश केल्यावरून वाद पेटला, आणि २४ डिसेंबर १९०६ रोजी ज्यू पालकांनी हजारो मुलांना शाळेत न पाठविता आपला निषेध नोंदविला. ज्यांना हा सण सर्वसामान्य वाटत होता त्यांना हा निषेध कृतघ्नपणाचा वाटला. ज्यांच्या मुलांना ती स्तोत्रे म्हणावी लागत होती त्यांना तो सण सर्वसामान्य वाटणे शक्य नव्हते.

तथापि ज्यू समाजाचा प्रतिसाद केवळ निषेधाचा नव्हता. आयर्व्हिंग बर्लिन हा रशियातून लहानपणी आलेला ज्यू. त्याने लिहिलेले शुभ्र नाताळाचे गीत १९४२ साली बिंग क्रॉस्बीच्या आवाजात देशभर पोहोचले. लाल नाकाच्या रेनडिअरची कथा १९३९ साली रॉबर्ट मे याने एका दुकानासाठी लिहिली आणि १९४९ साली जॉनी मार्क्सने तिचे गीत लोकप्रिय केले. हे दोघेही ज्यू. बर्फ, चूल, घर आणि आठवण यांचा नाताळ, ज्यात ख्रिस्ताचे नाव नाही, तो घडविण्यात अल्पसंख्याकांचा वाटा मोठा आहे. बहुसंख्याकांच्या सणात आपणांस जागा असावी म्हणून त्यांनी ती जागा स्वतः बांधली, असा याचा अर्थ लावता येतो.

दुसरा मार्ग आपला वेगळा सण उभा करण्याचा. ज्यू धर्मजीवनात तुलनेने गौण असलेला हनुक्का अमेरिकेत डिसेंबरमुळे मोठा झाला. मौलाना करेंगा यांनी १९६६ साली कृष्णवर्णीयांसाठी २६ डिसेंबर ते १ जानेवारी असा क्वांझा हा उत्सव सुरू केला. १९६५ च्या कायद्याने आशियातील लोकांना अमेरिकेचे दार उघडले, त्यानंतर हिंदूंची वस्ती वाढली. हवाई बेटांतील शैव मठाचे प्रमुख सद्गुरू शिवाय सुब्रह्मुण्यस्वामी यांनी १९८५ साली २१ ते २५ डिसेंबर असा पाच दिवसांचा ‘पंच गणपती’ उत्सव प्रवर्तित केला. गणेशपूजेची मुलांना भेटी देण्याशी येथे सांगड घातलेली आहे. भाद्रपदातील गणेशचतुर्थीशी या तारखांचा काही संबंध नाही. संबंध आहे तो शाळेच्या सुट्टीशी. ज्या पंचांगाप्रमाणे शेजारच्या देवतांनाही आपल्या तिथी बदलाव्या लागतात, ते पंचांग तटस्थ आहे असे म्हणणे कठीण आहे.

४. न्यायालयापुढील गव्हाण

हा सामाजिक प्रश्न घटनात्मक स्वरूपात सर्वोच्च न्यायालयापुढे आला तो १९८४ साली. ऱ्होड आयलंडमधील पॉटकेट शहराची नगरपालिका दरवर्षी नाताळाची आरास करी. तीत सांताक्लॉजचे घर, रेनडिअरची गाडी, नाताळवृक्ष, विदूषक, हत्ती, अस्वल आणि रंगीत दिवे यांच्या जोडीला ख्रिस्तजन्माच्या गव्हाणीचा देखावाही असे. नगरपालिकेने हा देखावा १९७३ साली १,३६५ डॉलरना विकत घेतला होता. सरकारी पैशाने धर्माचा पुरस्कार होतो, अशी तक्रार काही नागरिकांनी केली. न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तक्रार फेटाळली. मुख्य न्यायमूर्ती बर्गर यांचा युक्तिवाद असा की, एकंदर आरास पाहता तिचा हेतू सण साजरा करणे आणि त्याचा उगम दाखविणे एवढाच असून तो ऐहिक आहे.

या निर्णयाविरुद्ध मत देणाऱ्या न्यायमूर्ती ब्रेनन यांनी आपल्या मतपत्रात नाताळाचा इतिहासच मांडला. घटना झाली तेव्हा या सणाविषयी अमेरिकेत एकमत नव्हते, हे त्यांनी प्युरिटनांचे उदाहरण देऊन दाखविले. न्यायमूर्ती ब्लॅकमन यांचा आक्षेप वेगळ्या प्रकारचा होता. ख्रिस्ती श्रद्धेच्या केंद्रस्थानी असलेले हे दृश्य हंगामाची वर्दी देणारी एक अर्थशून्य, व्यापारोपयोगी वस्तू ठरविले गेले, आणि वादात जिंकूनही त्या पवित्र प्रतीकाची मानहानीच झाली, असे त्यांच्या प्रतिपादनाचे सार आहे. देखावा कायम राहावा म्हणून त्यातील देव सरकारला अमान्य करावा लागला.

पाच वर्षांनी, १९८९ साली, पिट्सबर्ग येथील अलिघेनी परगण्याचा खटला आला. परगण्याच्या न्यायालयाच्या मुख्य जिन्यावर एका कॅथलिक संस्थेने दिलेला गव्हाणीचा देखावा एकटाच मांडलेला होता. तो घटनाबाह्य ठरला. थोड्या अंतरावरील दुसऱ्या सरकारी इमारतीसमोर ४५ फूट उंच नाताळवृक्ष, त्याच्या शेजारी १८ फूट उंचीचा ज्यूंचा दीपवृक्ष आणि स्वातंत्र्यास अभिवादन करणारा फलक होता. ती मांडणी मात्र वैध ठरली. यावरून वकीलवर्गात ‘प्लॅस्टिकच्या रेनडिअरचा नियम’ असे उपहासाने म्हटले जाऊ लागले: बाळ येशूच्या शेजारी पुरेशी खेळणी ठेवली की काम भागते. पुढे १९९९ साली संघराज्याच्या सुट्टीलाच आव्हान देणारा दावा ओहायोतील न्यायालयाने फेटाळला. सुट्टीचे प्रयोजन ऐहिक आहे, हेच त्याही निर्णयाचे सूत्र होते.

५. इतिहास आणि परंपरा

२०२२ साली केनेडी विरुद्ध ब्रेमर्टन या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुन्या कसोट्या बाजूस सारून, धर्म आणि राज्य यांचा संबंध ऐतिहासिक प्रथा व त्यांविषयीचे तत्कालीन आकलन यांच्या आधारे ठरवावा, असे सांगितले. या निर्णयाने इतिहासकारावर अनपेक्षित जबाबदारी येऊन पडली आहे. परंपरा हीच जर कसोटी, तर नाताळाची परंपरा कोणत्या वर्षापासून मोजावयाची? १६५९ पासून मोजली तर ती दंडाची परंपरा आहे. पहिली घटनादुरुस्ती संमत झाली त्या १७९१ पासून मोजली तर ती ख्रिस्ती पंथांतील मतभेदाची परंपरा आहे. १८७० पासून मोजली तर ती घर, बाजार आणि सुट्टी यांची परंपरा आहे. यांपैकी एकच काळ निवडून त्यास ‘अमेरिकेची परंपरा’ हे नाव देणे म्हणजे निष्कर्ष आधी ठरवून पुरावा मागाहून गोळा करणे होय.

आजची वस्तुस्थितीही एकेरी नाही. प्यू संशोधन केंद्राच्या २०१३ च्या पाहणीत ९२ टक्के अमेरिकनांनी आपण नाताळ साजरा करतो असे सांगितले. ख्रिस्तेतरांतही हे प्रमाण ८१ टक्के होते. मात्र नाताळ हा आपल्या दृष्टीने प्राधान्याने धार्मिक सण आहे असे म्हणणारे ५१ टक्के होते, आणि २०१७ च्या पाहणीत ते ४६ टक्क्यांवर आले. साजरा करणाऱ्यांचे एकमत आहे. काय साजरे करतो याविषयी मात्र नाही.

या विवेचनावरून काही गोष्टी निश्चितपणे सांगता येतात. अमेरिकेतील ऐहिक नाताळ हा धार्मिक नाताळाचा बिघडलेला अवशेष नव्हे. दोघांचे वंश वेगळे असून ते अधूनमधून एकमेकांत मिसळले आहेत. म्हणून हरवलेले मूळ रूप परत आणण्याच्या मागणीस त्या देशाच्या इतिहासात आधार मिळत नाही. त्याचबरोबर, हा सण सर्वांचा झाला आहे, हे विधानही सावधपणे केले पाहिजे. १९०६ साली शाळेत न गेलेल्या मुलांना आणि मळ्यावरील गुलामांना तो तसा वाटला नव्हता. सण ऐहिक आहे असे सरकारने जाहीर केले की त्याची किंमत दोघांना मोजावी लागते. अल्पसंख्याकास आपले परकेपण खरे नाही असे ऐकून घ्यावे लागते, आणि श्रद्धावंतास आपले दैवत शोभेची वस्तू ठरलेले पाहावे लागते.

ब्रॅडफर्डपुढील पेच हाच होता. भक्ती घरात आणि खेळ बंद, असा निकाल त्याने दिला. पुढील पिढ्यांनी खेळ घरात नेला आणि भक्ती सरकारी जिन्यावर मांडली. अनेक धर्मांच्या समाजात सणाचा खरा अर्थ ठरविण्याचे काम राज्याने अंगावर घेऊ नये, हा या इतिहासाचा बोध आहे. सुट्टी द्यावी, तिचा अर्थ ज्याचा त्याने लावावा. आणि परंपरेच्या नावाने जेव्हा न्यायालय इतिहासाकडे वळेल, तेव्हा परंपरा एक नव्हती, अनेक होत्या, हे पुराव्यानिशी दाखवून देणे हे इतिहासाच्या अभ्यासकाचे कर्तव्य ठरते.